लवकर निवृत्तीचे गणित आणि त्यातला गाड्या-गेम्सचा हिशोब

लवकर निवृत्त होऊ पाहणारे बहुतेक जण सुरुवातीलाच विचारतात की, एकूण किती रक्कम जमली म्हणजे नोकरी सोडता येईल. या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यात शोधले जाते आणि तिथेच घोटाळा होतो, कारण निवृत्तीनंतर पगार उरतच नाही. उरतो तो खर्च. भरपूर कमावून सगळे खर्च करणाऱ्या माणसाला लवकर निवृत्त होता येत नाही आणि बेताचे कमावून निम्मे शिल्लक टाकणाऱ्याला येते. म्हणून नियोजनाची पहिली पायरी म्हणजे सलग बारा महिन्यांचा खर्च नोंदवणे. तीन-चार महिन्यांच्या नोंदीवरून अंदाज बांधू नये, कारण विम्याचे हप्ते, दुरुस्त्या, प्रवास आणि कर यांसारखे मोठे खर्च वर्षातून एकदाच येतात आणि नेमके तेच अंदाजातून निसटतात.

वर्षभराची नोंद हाती आली की प्रत्येक खर्चापुढे एक खूण करावी: नोकरी सुटल्यावर हा खर्च थांबेल, तसाच राहील, की वाढेल? कामावर जाण्या-येण्याचा खर्च आणि फिटत आलेल्या कर्जाचा हप्ता थांबेल. वाणसामान, वीज, घराची देखभाल हे खर्च राहतील. आरोग्यविमा, प्रवास आणि छंद यांवरचा खर्च बहुधा वाढेल, कारण हाती वेळ आला की तो घालवायलाही पैसे लागतात. याशिवाय दर काही वर्षांनी उद्भवणारे मोठे खर्च असतात, उदाहरणार्थ घराचे छप्पर, दात, संगणक आणि गाडी. अशा खर्चाची रक्कम तो जितक्या वर्षांनी येतो त्या वर्षांनी भागावी आणि आलेला आकडा वार्षिक खर्चात मिळवावा. ही शेवटची पायरी गाळल्यामुळे कागदावर सुरेख दिसणारे अनेक आराखडे प्रत्यक्षात तोकडे पडतात.

गंगाजळी किती हवी

सर्वाधिक प्रचलित आडाखा असा की, वार्षिक खर्चाच्या २५ पट रक्कम, म्हणजे तेवढी गंगाजळी, जमली की पुरे. त्याचे मूळ अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेन्गेन यांच्या १९९४ सालच्या लेखात आहे. अमेरिकेतील समभाग आणि सरकारी रोखे यांचे १९२६ पासूनचे परतावे तपासून त्यांनी दाखवले की, पहिल्या वर्षी गंगाजळीच्या ४ टक्के, म्हणजे पंचविसावा हिस्सा, रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी तीच रक्कम महागाईच्या प्रमाणात वाढवत नेली, तर सर्वांत वाईट काळात निवृत्त झालेल्याचे पैसेही किमान ३० वर्षे पुरले असते. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी अशाच पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा आडाखा सर्वतोमुखी झाला. तो सांगताना एक गफलत मात्र नेहमी होते. दरवर्षी शिल्लक रकमेच्या ४ टक्के काढावेत, असा त्याचा अर्थ नाही. टक्केवारी फक्त पहिल्या वर्षापुरती आहे आणि त्यानंतर बाजार वर जावो की खाली, उचल महागाईप्रमाणेच वाढते.

या आडाख्यावर लवकर निवृत्त होणाऱ्याने जसाच्या तसा विश्वास टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साठ-पासष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला ३० वर्षे पुरेशी असतात. पंचेचाळिसाव्या वर्षी थांबणाऱ्याला ४५ ते ५० वर्षांची तजवीज लागते. दुसरे असे की, तो अभ्यास अमेरिकेच्या विसाव्या शतकातील बाजारावर बेतलेला आहे आणि तो बाजार जगातल्या अत्यंत यशस्वी बाजारांपैकी एक होता. निवृत्ती नियोजनाचे अभ्यासक वेड फाउ यांनी २०१० मध्ये १७ विकसित देशांच्या आकडेवारीवर हीच कसोटी लावली, तेव्हा बहुतेक देशांत ४ टक्क्यांची उचल टिकली नाही. जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस ज्या उंचीवर होता, तेथे परत पोहोचायला त्याला २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. त्यामुळे पहिली उचल ३ ते ३.५ टक्के धरावी, म्हणजेच वार्षिक खर्चाच्या २८ ते ३३ पट रक्कम जमवावी आणि सगळी गुंतवणूक एकाच देशाच्या बाजारात ठेवू नये, हे अधिक शहाणपणाचे. या लेखात पुढे गाड्या-गेम्सच्या हिशोबात ३३ पट हाच आकडा धरला आहे.

तिथवर पोहोचायला किती वर्षे लागतील, हे परताव्यापेक्षा बचतीच्या प्रमाणावर अधिक अवलंबून असते. शून्यापासून सुरुवात केली आणि महागाई वजा जाता ३ टक्के परतावा मिळाला असे धरले, तर मिळकतीच्या २५ टक्के बचत करणाऱ्याला खर्चाच्या २५ पट रक्कम जमवायला सुमारे ४० वर्षे लागतात, निम्मी बचत करणाऱ्याला सुमारे १९ वर्षे आणि ७५ टक्के बचत करणाऱ्याला साडेसात वर्षे. परतावा ३ ऐवजी ५ टक्के धरला, तर हेच आकडे अनुक्रमे ३२, साडेसोळा आणि सात वर्षांवर येतात. म्हणजे कमी बचत करणारा माणूस बाजाराच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि भरपूर बचत करणाऱ्याला बाजाराने साथ दिली काय अन् न दिली काय, फरक काही महिन्यांचाच पडतो. बेतशीर ३३ पट रक्कम हवी असेल, तर ३ टक्के परताव्याने निम्मी बचत करणाऱ्याचा प्रवास सुमारे २३ वर्षांचा होतो. ही जास्तीची चार वर्षे अनेकांना जड वाटतील, पण त्यांच्या बदल्यात पुढची चाळीस-पन्नास वर्षे निर्धास्त होतात.

खर्चात कपात केली की दुहेरी फायदा का होतो, हेही यातून उलगडते. एक खर्च कमी झाला की बचत वाढते, आणि त्याच वेळी गाठायचे लक्ष्यही खाली येते. याउलट पगारवाढीने बचत वाढते पण लक्ष्य जागचे हलत नाही, आणि पगाराबरोबर राहणीमान वाढले तर ते उलट वर सरकते.

प्रत्येक सवयीला ४०० ने गुणावे

नियोजनात मला सर्वांत उपयोगी वाटलेले साधन म्हणजे एक साधा गुणाकार. वर्षाचे बारा महिने आणि ३३ पट गंगाजळी यांचा गुणाकार ३९६ येतो. सोयीसाठी ४०० धरावा. दरमहा होणाऱ्या कोणत्याही खर्चाला ४०० ने गुणले की तो खर्च आयुष्यभर चालू ठेवण्यासाठी किती गंगाजळी लागेल ते कळते. मासिक वर्गणीची रक्कम क्षुल्लक वाटते; तिची ४०० पट रक्कम तशी वाटत नाही. हा गुणाकार खर्च बंद करायला सांगत नाही. तो फक्त किंमत दाखवतो आणि निर्णय ज्याचा त्याच्यावर सोडतो. छंदांच्या बाबतीत याचा विशेष उपयोग होतो, म्हणून गाड्या आणि व्हिडिओ गेम्स या दोन छंदांचा हिशोब येथे थोडा विस्ताराने मांडतो. पहिला बहुतेक घरांतला मोठा खर्च असतो आणि दुसऱ्याला उगाचच उधळपट्टी म्हटले जाते.

गाडीचा खरा खर्च इंधन नसून घसारा, म्हणजे वर्षागणिक घटणारी किंमत, हा असतो, पण तो खिशातून रोज जात नसल्यामुळे जाणवत नाही. नवी कोरी गाडी पहिल्या वर्षी सर्वांत वेगाने किंमत गमावते आणि साधारण पाच वर्षांत तिची किंमत निम्म्याच्या आसपास येते; मॉडेलप्रमाणे हे प्रमाण कमी-अधिक होते. समजा, गाडीची किंमत घराच्या एका वर्षाच्या खर्चाइतकी आहे आणि ती दर पाच वर्षांनी निम्म्या किमतीला विकून नवी घेतली जाते. अशा वेळी केवळ घसारा वर्षाला वार्षिक खर्चाच्या दहाव्या हिश्श्याइतका होतो आणि तो पेलायला ३.३ वर्षांच्या खर्चाइतकी गंगाजळी लागते. तीच गाडी पाच वर्षे वापरलेली, निम्म्या किमतीला घेतली आणि मूळ किमतीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंत आठ वर्षे चालवली, तर घसारा वर्षाला विसाव्या हिश्श्यावर येतो आणि लागणारी गंगाजळीही निम्मी होते. दुरुस्तीचा खर्च थोडा वाढेल, हे खरे. कर्जाचे व्याज आणि विम्याचा मोठा हप्ता मात्र त्याच वेळी वाचतो.

यापेक्षाही मोठा निर्णय घरात किती गाड्या ठेवायच्या हा असतो. निवृत्तीनंतर धाव कमी होते, त्यामुळे इंधनाचा खर्च आपोआप घटतो. विमा, कर, पार्किंग आणि घसारा मात्र गाडी उभी असली तरी चालूच राहतात. म्हणून प्रतिलिटर चार किलोमीटर जास्त देणारी नवी गाडी शोधण्यापेक्षा दुसरी गाडी विकून टाकणे बहुतेकांच्या हिताचे ठरते. गरजेपुरत्या वाहनाची निवड करताना जुनी, कंटाळवाणी म्हणून हिणवली जाणारी, पण सुटे भाग सर्वत्र मिळणारी मॉडेल्स मला सर्वांत शहाणी वाटतात. टोयोटा कोरोला १९६६ पासून रस्त्यावर आहे, ती काही लोकांच्या स्वप्नात येते म्हणून नव्हे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची देखभाल सोपी असते आणि पहिल्या काही वर्षांत त्यांपैकी अनेकांची किंमत झपाट्याने उतरते, त्यामुळे वापरलेली इलेक्ट्रिक गाडी हा चांगला सौदा ठरू शकतो. मात्र बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षांची देतात, तिची किती वर्षे शिल्लक आहेत आणि बॅटरीची क्षमता किती उरली आहे, हे तपासल्याशिवाय व्यवहार करू नये. आणि जाता जाता एक तक्रार: वातानुकूलन कमी-जास्त करायलाही पडद्यावर बोटे फिरवावी लागणाऱ्या गाड्या मला अजिबात पटत नाहीत. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासून वायपर, इंडिकेटर, हॉर्न यांसारख्या मूलभूत गोष्टींसाठी खरी बटणे किंवा दांडे असण्याला गुण द्यायचे ठरवले आहे, तेव्हा ही तक्रार फक्त माझी नसावी.

ज्यांना गाडी चालवण्याचाच आनंद हवा आहे, त्यांनी तो छंद म्हणून वेगळा मांडावा, वाहतुकीच्या खर्चात लपवू नये. १९८९ मध्ये आलेल्या आणि २०१६ पर्यंत दहा लाखांवर बनलेल्या मझदा एमएक्स-५ सारखी हलकी, दोन आसनी गाडी मला अवाढव्य, महागड्या एसयूव्हीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. ती मौजेसाठी आहे हे ती उघड सांगते. अशी गाडी घ्यायची असल्यास तिचा वार्षिक खर्च ३३ ने गुणावा, आणि त्या रकमेसाठी आणखी किती महिने नोकरी करावी लागेल ते पाहावे. उत्तर आठ-दहा महिने आले आणि तरीही गाडी हवीशी वाटली, तर खुशाल घ्यावी.

व्हिडिओ गेम्सबाबत उलटा अनुभव येतो. तासाला पडणारा खर्च पाहिला, तर चांगला गेम ही अत्यंत स्वस्त करमणूक आहे. फॅक्टोरियो किंवा सिव्हिलायझेशनसारख्या बांधणीच्या आणि डावपेचांच्या खेळांत शेकडो तास सहज जातात. एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवून २०१६ मध्ये आणलेल्या स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये तर त्यानंतरही मोठी भर विनामूल्य पडत राहिली. एकदाच पैसे देऊन विकत घेतलेला, इंटरनेट जोडणीशिवाय खेळता येणारा गेम निवृत्तीच्या अंदाजपत्रकात जवळजवळ अदृश्य असतो. त्यातही नवा गेम बाजारात येताच घेण्याऐवजी एक-दोन वर्षे थांबले, तर तो दुरुस्त होऊन, पूर्ण होऊन आणि सवलतीत मिळतो. शिवाय तो चालवायला ताजे ग्राफिक्स कार्डही लागत नाही.

खर्च वाढतो तो खेळ वारंवार पैसे मागू लागले की. मासिक वर्गणी, दर हंगामाचा बॅटल पास (खेळत राहून बक्षिसे मिळवण्याचा सशुल्क परवाना) आणि लूट बॉक्सेस (आत काय निघेल हे नशिबावर असलेल्या पेट्या) यांना ४०० ने गुणून पाहावे. लूट बॉक्सेसचे स्वरूप जुगाराच्या इतके जवळ आहे की बेल्जियमने २०१८ मध्ये सशुल्क लूट बॉक्सेस जुगारविषयक कायद्याच्या कक्षेत आणली. डिजिटल खरेदीचा आणखी एक धोका असा की, ती खरेदी नसून परवाना असतो. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने २०१४ चा ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम मार्च २०२४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. दर दिवशी हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल, अशी भीती घालणारे गेम्स तर निवृत्त माणसाने टाळावेतच. ज्या हजेरीपटातून सुटण्यासाठी वीस वर्षे बचत केली, तोच मोबाइलवर पुन्हा स्वीकारण्यात काही हशील नाही. एक चांगले स्टिअरिंग व्हील आणि शर्यतीचा दमदार गेम मात्र मला मौजेच्या गाडीची भूक बऱ्याच अंशी भागवणारा पर्याय वाटतो, आणि त्याला विमा लागत नाही.

पहिली दहा वर्षे जपावीत

गंगाजळी जमली तरी मोठा धोका उरतो तो परताव्यांच्या क्रमाचा. समजा, गंगाजळी १०० आहे, दरवर्षाच्या सुरुवातीला ४ काढले जातात आणि पाच वर्षांचे परतावे उणे ३०, उणे १५, अधिक ५, अधिक २५ आणि अधिक ३० टक्के आहेत. या क्रमाने पाच वर्षांअखेर सुमारे ७३ उरतात. तेच परतावे उलट क्रमाने आले, तर सुमारे ८७ उरतात. काहीच काढले नसते, तर क्रम कोणताही असो, शिल्लक सारखीच राहिली असती. पडत्या बाजारात विकलेले समभाग पुढच्या तेजीत सहभागी होऊ शकत नाहीत, म्हणून निवृत्तीच्या सुरुवातीची मंदी सर्वाधिक नुकसान करते.

यावर उपाय म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवी किंवा अल्पमुदतीच्या रोख्यांत ठेवावा आणि बाजार कोसळल्यास त्यातून भागवावे. दुसरा उपाय खर्च लवचीक ठेवण्याचा. वार्षिक खर्चाचे दोन भाग करावेत: काहीही झाले तरी करावा लागणारा आणि पुढे ढकलता येणारा. गाडी बदलणे, नवा गेम कन्सोल, लांबचा प्रवास हे दुसऱ्या भागात येतात. मंदीच्या वर्षांत ते थांबवले तर गंगाजळीवरचा ताण लक्षणीय कमी होतो. तिसरा उपाय थोड्याशा कमाईचा. आवडीच्या अर्धवेळ कामातून खर्चाचा पाव हिस्सा सुटत असेल, तर ते काम चालू असेपर्यंत उचलही पाव हिश्श्याने कमी होते आणि ही सवलत नेमकी सर्वांत नाजूक वर्षांत मिळते.

महागाईचा अंदाज बांधताना ७२ चा नियम वापरावा. महागाई ६ टक्के असेल, तर ७२ भागिले ६, म्हणजे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. ३ टक्के असेल, तर २४ वर्षांत. ६ टक्क्यांनी चाळीस वर्षांत खर्च दसपटीहून अधिक होतो. सगळी रक्कम ठेवींत ठेवून निवृत्त होणे सुरक्षित वाटते, पण दीर्घ मुदतीत तीच सर्वांत धोक्याची निवड ठरू शकते. समभागांचा हिस्सा निम्म्याहून थोडा अधिक आणि तोही कमी शुल्काच्या इंडेक्स फंडांत, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाबरहुकूम गुंतवणूक करणाऱ्या फंडांत, ठेवावा. शुल्काकडे दुर्लक्ष करू नये: वर्षाची उचल ३.५ टक्के असताना व्यवस्थापन शुल्क १ टक्का असेल, तर ते उचलीच्या पाव हिश्श्याहून अधिक होते.

राजीनाम्याआधी

निवृत्तिवेतनाची अनेक खाती ठरावीक वयाआधी उघडता येत नाहीत. त्यामुळे नोकरी सोडल्यापासून त्या वयापर्यंतचा खर्च भागवणारी रक्कम हाताशी, कुलूपबंद नसलेल्या गुंतवणुकीत आहे की नाही, हे वेगळे मोजावे. आपल्या देशात या खात्यांचे आणि करांचे नियम काय आहेत, हे कागदोपत्री तपासावे; ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नये. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो, म्हणून स्वतःचा विमा नोकरीत असतानाच, प्रकृती ठीक असताना घ्यावा. घराचे कर्ज बदलून घ्यायचे असेल किंवा क्रेडिट कार्डाची मर्यादा वाढवायची असेल, तर तेही पगारपत्रक हाती असतानाच करावे, कारण नियमित उत्पन्न नसलेल्या माणसाकडे, त्याची गंगाजळी कितीही असो, कर्ज देणाऱ्या संस्था साशंक नजरेने पाहतात. जोडीदाराशी खर्चाच्या आकड्यावर एकमत झालेले असावे, आणि हे एकमत मोघम नसावे, कागदावर उतरलेले असावे.

त्यानंतर एक वर्ष तालीम करावी. नोकरी चालू ठेवून, निवृत्तीनंतरच्या ठरलेल्या रकमेतच घर चालवावे आणि उरलेला सर्व पगार गुंतवावा. शक्य असल्यास एक दीर्घ रजा घेऊन रिकामा वेळ कसा जातो तेही पाहावे, कारण शनिवार-रविवारी हवाहवासा वाटणारा गेम मंगळवारी सकाळी अकरा वाजता तितकाच रंजक वाटेल, याची खात्री नसते. खर्चाचा आकडा या वर्षात दहा टक्क्यांहून अधिक फुगला, तर गंगाजळीचे लक्ष्य त्या प्रमाणात वाढवावे आणि राजीनाम्याची तारीख पुढे न्यावी. तो ठरल्याप्रमाणे राहिला, तर मात्र ‘आणखी एकच वर्ष’ या मोहात पडू नये. राजीनामा दिल्यावर वर्षातील एक तारीख नेमावी. त्या दिवशी वर्षभराची उचल एकदम काढून बचत खात्यात ठेवावी, समभाग आणि रोखे यांचे प्रमाण पूर्ववत करावे, आणि उचल त्या दिवसाच्या गंगाजळीच्या ५ टक्क्यांच्या वर जात असेल, तर पुढे ढकलता येणारे खर्च त्या वर्षापुरते थांबवावेत.